नॉर्मल क्रमांक चार

त्या यंत्राला म्हातारपेटी म्हणू नका, असं मी पोरांना शंभरदा सांगितलं. कागदोपत्री त्याचं नाव ‘ऊती-वयवर्धक’ आहे आणि ते आमच्या केंद्रात आलं तेव्हा मंत्री फीत कापून गेले होते. पण पीएचडीची पोरं कुणाचं ऐकतात? पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पेटीच्या दारावर काठी टेकत चाललेल्या आजोबांचं चित्र चिकटवलं आणि नाव पडलं ते पडलंच. पुढे मीही तेच म्हणायला लागले.

मी सारिका ढमाले. साताऱ्याबाहेर टेकडीवर नऊ कॉलेजांचं मिळून एक सामाईक जीवशास्त्र केंद्र आहे, त्याची मी तांत्रिक अधिकारी. एकेका कॉलेजला झेपणार नाहीत अशी सगळी यंत्रं इथे एका छपराखाली ठेवलीत. मोठे सूक्ष्मदर्शक, पेशी गोठवायच्या टाक्या, डीएनए वाचायचं यंत्र, आणि ही पेटी. वाई, कराड, फलटण, कोरेगाव, कुठून कुठून पोरं सकाळच्या एसटीनं डबे घेऊन येतात. कुणाला कुठलं यंत्र किती दिवस मिळणार ते तेवीस वर्षं मी ठरवते. मागे मला ‘हेडबाई’ म्हणतात, ठाऊक आहे मला. म्हणेनात का! पेटीत कप्पे चोवीस आणि मागणारे साठ, तिथे गोड बोलून भागत नाही.

पेटी काय करते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माणसाचं दोन चमचे रक्त घ्यायचं. त्यातल्या काही पेशींना रसायनं देऊन मागे न्यायचं, म्हणजे गर्भात असतात तितक्या कोवळ्या करायच्या. मग त्यांना मेंदूच्या पेशी व्हायला लावायचं. अठरा दिवसांत मसुराच्या डाळीएवढा मेंदूच्या ऊतीचा गोळा तयार होतो. इथपर्यंतचं काम जुनंच आहे. नवी गोष्ट पुढची. आपलं वय वाढतं तशा पेशीतल्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा बसत जातात, आणि कुठल्या वयाला कुठली खूण बसते ते आता बरंचसं माहीत झालंय. पेटी त्या खुणा आधीच बसवते. एका आठवड्यात दहा वर्षं. सात आठवड्यांत गोळा सत्तरीचा होतो आणि त्या माणसाच्या मेंदूतल्या पेशी सत्तरीत कशा असतील ते आज काचेखाली दिसतं. शंभरात नव्वद वेळा बरोबर निघतं म्हणतात.

ओवी माळवदे ही वाईच्या कॉलेजची मुलगी, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. बारीक अंगाची, बोलणं कमी आणि हात मात्र सोन्याचे. तेवीस वर्षांत इतक्या स्वच्छ हातांची पोर मी पाहिली नाही. विसराळूपणाच्या आजारात मेंदूत प्रथिनांच्या गुठळ्या धरतात, त्या गुठळ्या थांबवणारं एक औषध ती तपासत होती. त्यासाठी रुग्णांच्या ऊती आणि निरोगी माणसांच्या ऊती शेजारी शेजारी ठेवून म्हाताऱ्या करायच्या होत्या. रुग्णांचं रक्त मिरजेच्या दवाखान्यातून आलं. निरोगी माणसं सहा हवी होती. आमच्या भाषेत सहा ‘नॉर्मल’.

आता नॉर्मल म्हणजे कोण, तर आम्हीच. आमच्याकडे पहिल्यापासून ही रीत आहे. नॉर्मल रक्त लागलं की त्या दिवशी व्हरांड्यातून जो जाईल त्याला हाताला धरून खुर्चीत बसवायचं, आणि रक्त देणाऱ्याला विद्यार्थ्यानं स्वतः करून आणलेला शिरा खिलवायचा. शिऱ्याच्या वासानं निम्मी पोरं आपण होऊन येतात. कोण आजारी, कोण धडधाकट, हे कुणी कधी तपासून बघितलंय? आपल्या शेजारी रोज डबा खाणारा माणूस नॉर्मलच असणार, असं आम्ही धरून चालतो. एक फॉर्म असतो. त्यात ‘रक्ताच्या नात्यात कुणाला मेंदूचा विकार?’ असा रकाना असतो आणि सगळे तिथे ‘नाही’ लिहितात.

एप्रिलमधल्या त्या दिवशी तिघांचं रक्त झालं आणि चौथा बसला तो कराडचा सहा फुटी गडी. सुई बघूनच आडवा झाला. पोरं हसायला लागली. मी म्हटलं, “सरका रे, कसली तुमची ही पिढी!” आणि त्याच्या जागी मीच बसले. ओवीनंच रक्त काढलं. मला टोचलेलं कळलंसुद्धा नाही. एका हातात शिऱ्याची बशी धरून दुसऱ्या हातानं मी फॉर्म भरला, त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि सही ठोकली.

नळीवर नाव घालत नाहीत, नुसता क्रमांक घालतात. कुठला क्रमांक कुणाचा ते नैतिक समितीच्या बंद पाकिटात राहतं. दात्याला त्याचा निकाल सांगायचा नाही असाही नियम आहे, कारण हे संशोधन आहे, दवाखाना नाही.

सप्टेंबरात ओवीच्या ऊतींची पहिली फेरी संपली. ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, एका नॉर्मलची फेरी परत करायचीय. तीन कप्पे मिळतील?”

“का? काय बिघडलं?”

“काही नाही. आकडा जरा वेडावाकडा आलाय. खात्री करून घेते.”

दिले. गोठवलेल्या ऊती होत्याच, तिनं त्या पुन्हा लावल्या. आणि त्या दिवसापासून ही मुलगी बदलली. सकाळी आल्या आल्या माझ्याकडे यायची. “मॅडम, जेवलात का? मॅडम, झोप लागते ना नीट?” एकदा म्हणे, “मॅडम, तुम्ही शब्दकोडं सोडवता का? आणत जाऊ?” चार वर्षांत जिनं गुड मॉर्निंगच्या पुढे तोंड उघडलं नाही तिला हा पुळका कशानं आला? मला वाटलं, कप्प्यांसाठी लोणी लावतेय. मी तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. तिनं मान खाली घातली आणि गेली.

नोव्हेंबरात दुसरी फेरी संपली. त्याच नॉर्मलचे तिन्ही कप्पे बाद म्हणून तिनं नोंदवले. आता मात्र माझं डोकं फिरलं. बाहेर फलटणची दोन पोरं चार महिने रांगेत, आणि ही बाई तीन कप्पे सात आठवडे अडवून बाद दाखवते! भर प्रयोगशाळेत दहा जणांसमोर मी तिला विचारलं.

“काय झालं या कप्प्यांना?”

“कंटॅमिनेशन, मॅडम. माझ्या हातून जंतू गेले.”

“तिन्हींत?”

“हो. हातमोजे बदलायचे राहिले असतील.”

“असतील? चौथ्या वर्षाला आहेस तू, का बारावीच्या प्रॅक्टिकलला आलीयस?”

मी खूप बोलले. काय काय बोलले ते आता लिहायचीसुद्धा लाज वाटते. आमच्याकडे जंतुसंसर्गाला लाल शेरा असतो आणि लाल शेरा मिळाला की सहा महिने पेटी बंद. ओवीची संशोधनाची मुदत मार्चअखेर संपत होती. म्हणजे पेटी बंद झाली की पीएचडी संपलीच, चार वर्षं पाण्यात. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. नोंदवही मी पुढे सरकवली. तिनं सही केली. डोळ्यांत पाणी होतं पण एक अक्षर बोलली नाही. मला अजूनच राग आला, की निदान विनवणी तरी कर!

लाल शेऱ्याच्या ऊती जाळून टाकायच्या असतात, आणि जाळण्यापूर्वी अधिकाऱ्यानं एकदा काचेखाली बघून सही करायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन मी त्या कामाला बसले. कप्पे उघडले आणि हात तिथेच थांबला.

पेशी ज्या द्रवात ठेवतो तो गुलाबी असतो. जंतू शिरले की तो पिवळा पडतो, गढूळ होतो, हे पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल. हा द्रव स्वच्छ गुलाबी होता. शेजारच्या कप्प्यातल्या ऊती मजेत होत्या. जंतू काय, एकालाच धरून शेजाऱ्याला सोडतात? मग मी गोळा काचेखाली घेतला आणि गुठळ्यांचा रंग चढवला. सगळीकडे ठिपके उठले. रुग्णांच्या ऊतीत दिसतात तसेच, दाट. तिन्ही गोळ्यांत तेच. हा जंतुसंसर्ग नव्हता. हा आजार होता, आणि ओवीसारख्या मुलीला ते कळलं नसेल हे शक्यच नव्हतं.

मग ही खोटं का बोलली? स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतला? मी कप्प्यावरची चिठ्ठी बघितली. ‘नॉर्मल ४’. तिघांचं रक्त झालं, कराडचा गडी पडला, आणि मग खुर्चीत कोण बसलं?

मी स्टुलावर तशीच बसून राहिले. खोटं कशाला सांगू, मी भ्याले. आयुष्यात एवढी कधी भ्याले नव्हते.

माझी आई एकसष्टाव्या वर्षी चहात मीठ घालायला लागली. मग भर दुपारी लुगडं नेसून कोरेगावच्या स्टँडवर जाऊन बसायची आणि माहेरच्या गाडीची वाट बघायची. माहेरी तेव्हा कुणी उरलंही नव्हतं. शेवटी शेवटी ती मला ‘अहो बाई’ म्हणायची. भावानं सगळ्यांना सांगितलं, ब्लडप्रेशरनं गेली. बहिणींची लग्नं व्हायची होती. मीही तेच सांगत आले, इतकी वर्षं, की मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. फॉर्मवर ‘नाही’ लिहिताना माझा हात अडखळला नाही. आणि मी नियम शिकवते लोकांना!

ओवी मागच्या धुण्याच्या खोलीत काचसामान आवरत होती. घरी न्यायच्या वस्तू एका खोक्यात भरल्या होत्या. मी दार लावलं.

“नॉर्मल चार म्हणजे मी. हो ना?”

तिनं हातातलं चंचुपात्र खाली ठेवलं. “मॅडम, मला ते सांगता येत नाही. नियम आहे.”

“नियमात खोटं बोला असं लिहिलंय का?”

तिनं चंचुपात्र पुन्हा उचलून पुसायला घेतलं.

“अगं, वगळायचं होतं की मला! सहाच्या जागी पाच घ्यायचे. तुझं काम अडलं नसतं.”

“वगळायला कारण लिहावं लागतं, मॅडम. आजाराची लक्षणं दिसली असं लिहिलं असतं तर समितीनं पाकीट उघडलं असतं आणि तुम्हाला घरात कुणाला हा आजार होता का, अशा चौकशीचं पत्र आलं असतं. कंटॅमिनेशन लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही.”

“म्हणून चार वर्षांवर पाणी सोडलंस?”

“मी रक्त काढलं होतं ना तुमचं,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, माझंच चुकलं असेल. देवाला म्हटलं, माझंच चुकलेलं निघू दे. सात आठवडे मी रोज तुमच्याकडे बघायचे. तुम्ही किल्ली कुठे ठेवली आठवायला लागलात तरी मला वाटायचं, झालं सुरू. तुम्हाला कसं सांगायचं होतं हे?”

मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि एक मुस्काटातही द्यावीशी वाटत होती. मी ओरडलेच. “माझं मला कळावं की नाही हे ठरवणारी तू कोण गं? माझं डोकं, माझी वर्षं! विचारायचंस तरी!” मग तिच्याच शेजारी ओट्याला टेकून मी रडले. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं आणि गेलं.

जरा वेळानं विचारलं, “कितव्या वर्षी?”

“मॅडम, ऊती म्हणजे माणूस नव्हे. दहा टक्के वेळा...”

“ओवी.”

“त्रेसष्टच्या सुमाराला गुठळ्या सुरू होतात. एखाददुसरं वर्ष इकडेतिकडे.”

मी सत्तावन्न वर्षांची आहे.

तसंच जाऊन मी संचालकांच्या केबिनमध्ये बसले. खटावकर सर भले गृहस्थ, समितीचे अध्यक्षही तेच. मी दोन कागद पुढे ठेवले. एक, ओवीचा लाल शेरा चुकीचा आहे, ऊती मी स्वतः तपासल्या. दुसरा, नॉर्मल क्रमांक चार मी आहे, आईच्या आजाराची माहिती मी फॉर्मवर दडवली, आणि माझ्या ऊती आजाराच्या म्हणून ओवीच्या कामात वापरायला माझी संमती आहे.

सरांनी दुसरा कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. “सारिकाताई, पहिला कागद मी आत घेतो. शेरा काढू. दुसरा राहू द्या.”

“दुसऱ्याशिवाय पहिला टिकणार नाही, सर. संसर्ग नव्हता तर काय होतं, विचारतीलच की.”

“अहो, पण याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? पेटीचा परवाना तुमच्या नावावर आहे. दरवर्षी प्रकृतीचा दाखला जोडावा लागतो. हे फायलीला लागलं की वरून काय पत्र येईल, मी सांगू शकत नाही. तुम्ही आज ठणठणीत आहात. अजून सहा वर्षं आहेत.”

“मग त्या पोरीनं काय घोडं मारलंय?”

सरांनी दुसरा कागद माझ्याकडे सरकवला. मला त्या क्षणी कागद उचलून घ्यावासा वाटला, हे कबूल करते. पेटीशिवाय मी काय करणार होते? आमचे हे जाऊन चार वर्षं झाली, घरी मी आणि टीव्ही. तेवीस वर्षं या टेकडीवर चढतेय. पण मी कागद तिथेच ठेवला आणि खाली येऊन नोंदवहीतला लाल शेरा माझ्या हातानं खोडला, शेजारी सही केली. दहा जणांसमोर बोलले होते, म्हणून दहा जणांना बोलावून सांगितलं की चूक माझी होती, ओवीची नव्हती. कसली चूक ते पोरांना कळलं नाही. ओवीला त्याच दिवशी सहा कप्पे दिले. फलटणच्या पोरांनी कुरकुर केली, त्यांनाही दोन दिले.

वरून पत्र आलं. पेटीचा परवाना जानेवारीपासून दोघांच्या नावावर ठेवायचा, दर सहा महिन्यांनी माझी तपासणी करायची, आणि पेटी मी एकटीनं उघडायची नाही. वाईट वाटलं, पण वाटलं होतं तितकं नाही. ओवीनं मार्चच्या विसाव्या तारखेला प्रबंध दिला. त्यात नॉर्मल पाच आहेत आणि रुग्णांच्या यादीत शेवटी एक ओळ जास्त आहे. तिचं औषध त्या ओळीतल्या ऊतींना थोडंसं लागू पडलं. थोडंसंच. माणसांना द्यायला अजून दहा-बारा वर्षं, असं तीच म्हणाली. खोटी आशा लावली नाही तिनं. जूनपासून ती केंद्रातच नोकरीला लागली, आणि परवान्यावरचं दुसरं नाव आता तिचं आहे.

हे सगळं मार्गी लागलं आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. माझी मैथिली हैदराबादला असते. एकोणतीस वर्षांची आहे, एकुलती एक. आमच्या घरातला हा आजार आईकडून मुलीला जाण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी. दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो. ओवीवर मी ओरडले होते, की ठरवणारी तू कोण. आता तीन रविवार मी लेकीशी भाजीच्या नि शेजाऱ्यांच्या गप्पा मारत होते आणि मनातल्या मनात तिच्या वतीनं ठरवत होते.

चौथ्या रविवारी मी म्हटलं, “मैथिली, आमच्या पेटीतून माझ्या तब्येतीचं एक कळलंय. त्यातलं तुझ्याही वाट्याला येऊ शकतं, नाहीही येणार. ऐकायचंय की नाही, ते तू ठरव. नको म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही.”

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, “तू आत्ता आजारी आहेस?”

“नाही गं. ठणठणीत आहे.”

“मला आत्ता काही करण्यासारखं आहे का त्यात? औषध वगैरे?”

“अजून नाही.”

“मग नको सांगूस.” मग म्हणाली, “आई, रागावू नकोस. मला आत्ता नाही ऐकायचं. मी विचारीन कधीतरी. विचारलं की मात्र सगळं सांगायचं, अर्धवट नाही.”

“सगळं सांगेन.”

“लक्षात ठेव हं. नाहीतर ऐन वेळी म्हणशील, विसरलेच बाई!” आणि ती हसली. मीही हसले.

फोन ठेवला आणि त्याच दुपारी हे लिहायला बसले. दोन रविवार लागले. आता इथपर्यंतच्या कागदांची एक प्रत पाकिटात घालून वर मैथिलीचं नाव घातलंय. तिनं विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर तिला द्यायचं, म्हणून सोमवारी पाकीट ओवीच्या हातात ठेवलं. आत काय आहे ते तिनं विचारलं नाही. पाकीट बॅगेत आतल्या कप्प्यात घातलं, चेन लावली आणि म्हणाली, “मॅडम, मैथिलीताईंचा नंबर द्या.”